वेताळाची पालखी आणि ११,००० टोकनं

अमावास्येची रात्र, ओहोटी लागलेली, कुलाबा किल्ल्यासमोरची ओली वाळू, आणि दूर किनाऱ्याच्या टोकाकडून हलत येणारी मशालींची रांग. आमच्या ऑनलाइन भूमिका-खेळात वेताळाची पालखी निघाली आहे, हे खेळाडूंना कळलं होतं. आता खेळ चालवणारा म्हणून मला पडद्यावर ती रांग उभी करायची होती : पालखी, भोई, पुढे मागे वीस-पंचवीस मशालजी. माझ्याकडे मशाल धरलेली टोकनं, म्हणजे नकाशावर ठेवायची पात्रांची छोटी चित्रं, ढिगाने होती, याची मला खात्री होती. मी शोधायला लागलो. 'टॉर्च' शोधलं, 'फायर' शोधलं, मग एकेका चित्रकाराच्या फोल्डरात शिरून डोळ्यांनी पाहत बसलो. रत्नागिरीचा मित्र म्हणाला, "तू शोध, मी चहा टाकून येतो." नंतर सेशनचं रेकॉर्डिंग पाहिलं, तर मधे १२ मिनिटं गेली होती. शेवटी मी आठ टोकनं टाकली, त्यांतली चार खालून वर चालत होती आणि चार वरून खाली. ज्या भीतीसाठी दोन आठवडे तयारी केली होती, ती त्या १२ मिनिटांत विरून गेली.

हे प्रकरण त्या रात्रीपासून पुढच्या आठ महिन्यांचं आहे. ज्यांच्याकडे असा संग्रह साचला आहे त्यांना उपयोग व्हावा, म्हणून आमच्याकडे काय घडलं, काय चुकलं आणि काय टिकलं ते सविस्तर लिहितो.

आम्ही पाच जण २०२०च्या टाळेबंदीपासून दर शनिवारी रात्री ऑनलाइन खेळतो. दोघं पुण्यात, एक रत्नागिरीत, एक ठाण्यात आणि एक जण जर्मनीत. प्रत्यक्ष टेबलावर खेळताना जिथे धातूची किंवा प्लास्टिकची छोटी मूर्ती ठेवतात, तिथे आभासी टेबलावर एक चित्र ठेवायचं, ते टोकन. खाली चौकटींचा नकाशा, एक चौकट म्हणजे पाच फूट. अशी टेबलं पुरवणारी सॉफ्टवेअरं म्हणजे रोल२० आणि फाउंड्री. रोल२० हे २०१२ साली आलं, फाउंड्रीची पहिली पूर्ण आवृत्ती मे २०२० मध्ये आली. आम्ही फाउंड्रीवर खेळतो. खेळ चालवणाऱ्याने एकदा परवाना विकत घ्यायचा आणि बाकीच्यांनी ब्राउझरमधून यायचं, ही सोय आम्हाला परवडली. पण त्यामुळे सगळी चित्रं माझ्याच यंत्रावर असतात, आणि ती सांभाळण्याची जबाबदारीही माझीच.

आमची मोहीम १७२१ सालच्या कोकणात घडते. त्या वर्षी इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली आणि कान्होजी आंग्र्यांनी ती मोडून काढली. त्या लढाईच्या मागेपुढे आमची पात्रं फिरतात, आणि किनाऱ्यावरची भुतंखेतं त्यांच्या वाटेत येतात. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे. त्यांचा मूळ गाभा जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या, कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला झाला, तेव्हा त्यावर आपलं जग उभारताना मनात किंतू राहिला नाही.

अडचण अशी की टोकनं मात्र सगळी दुसऱ्या जगातली. पाच वर्षांत मी दोन-तीन चित्रकारांची मासिक वर्गणी भरली होती, सवलतीतले मोठे गठ्ठे घेतले होते, फुकट मिळालेलं उतरवून ठेवलं होतं. शिवाय रत्नागिरीचा मित्र स्वतः चित्रं काढतो, त्याची शंभरेक टोकनं. एकूण ११,००० हून थोड्या जास्त फाइली, १९ जीबी. रचना म्हणाल तर चित्रकाराचं नाव, त्यात महिना, त्यात त्याने ठेवलेली नावं. ती नावं युरोपातल्या सरदारांची, कोबोल्ड नावाच्या युरोपी भुतांची, पंथवाल्या बुरखेधाऱ्यांची. मला जो मशालजी हवा होता तो माझ्याकडे होताच. पण त्याचं नाव त्याच्या चित्रकाराने 'कल्टिस्ट ०७', म्हणजे पंथवाला, ठेवलं होतं.

पहिला उपाय मी केला तो कुणीही केला असता. खेळाच्या पुस्तकात प्राण्यांचे १४ प्रकार आहेत : पशू, ड्रॅगन, अमृत (इंग्रजीत अनडेड) म्हणजे मेलेले पण न सुटलेले, दैवी, सैतानी, वनस्पती, राक्षसी धाटणीचे विचित्र प्राणी वगैरे. त्या १४ नावांचे फोल्डर केले आणि सगळं त्यांत वाटायला बसलो. तीन शनिवार-रविवार गेले. काम जेवढं पुढे जात होतं तेवढं ते खोटं वाटत होतं. मुंजा अमृतांत जाईल, मुंज होऊन सोडमुंजेआधी गेलेला मुलगा तो, ठीक. पण आसरा? विहिरीवर, डोहावर लोक त्यांची ओटी भरतात, हळदकुंकू वाहतात, आणि त्याच आसरा माणसाला पाण्यात ओढतात असंही सांगतात. त्यांना दैवीत टाकू की परीकुळात? देवचार तर गावाचा राखणदार. त्याला सैतानीत ठेवायला माझा हात धजेना. राक्षस हा आपला शब्द डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये १९७५ पासून आहे, पण तिथे तो वाघाच्या डोक्याचा, उंची वस्त्रांतला मायावी. आमच्या मोहिमेतल्या ब्रह्मराक्षसाशी त्याचा संबंध नावापुरता.

हे वर्गीकरण वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. नियमांसाठी ते चोख आहे. अमुक मंत्र फक्त अमृतांवर चालतो, हे ठरवायला ते लागतंच. पण ते उत्तर देतं नियमांच्या प्रश्नाला, आणि माझा प्रश्न दुसराच होता.

आणि त्याच तिसऱ्या रविवारी दुसरा फटका बसला. फाउंड्रीत टोकनचं चित्र जगाच्या, म्हणजे मोहिमेच्या नोंदींच्या, आत साठवलेलं नसतं. तिथे फक्त त्या फाइलचा पत्ता लिहिलेला असतो. मी फाइली हलवल्या आणि चालू मोहिमेतले सगळे पत्ते चुकीचे ठरले. आंग्र्यांचे गडकरी, ठाण्याच्या मैत्रिणीचं पात्र, जंजिऱ्याचे हबशी शिपाई, सगळ्यांच्या जागी रिकाम्या खुणा. पात्राच्या पानावर जाऊन चित्र पुन्हा जोडलं तरी नकाशावर आधीच ठेवलेल्या टोकनांत फरक पडत नव्हता, कारण नकाशावर ठेवताना प्रत्येक टोकन स्वतःची वेगळी नोंद घेऊन बसतं. म्हणजे दुरुस्ती तीन ठिकाणी : पात्राचं चित्र, त्याच्या मूळ टोकनचं चित्र आणि प्रत्येक नकाशावरचं प्रत्येक टोकन. आदल्या रात्रीची नक्कल होती म्हणून सगळं मागे नेता आलं. नक्कल नसती तर मोहीम तिथेच थांबली असती.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे आणि तो कधी मोडलेला नाही : एकदा खेळात गेलेली फाइल जागची हलत नाही, तिचं नाव बदलत नाही. जुना संग्रह जसा होता तसाच गोठवला. नवी मांडणी शेजारी, वेगळ्या फोल्डरात, नकला करून उभी केली. काही महिने जागा दुप्पट लागली. ती लागू दिली.

इथपर्यंत मी एकटाच झगडत होतो. वळण आलं ते गणपतीला घरी गेलो तेव्हा. माझी मावसबहीण सिंधुदुर्गात एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ती खेळत नाही, पण मी लॅपटॉप उघडून काय करतोय हे तिने शेजारी बसून पाहिलं.

"तू पुस्तकं प्रकाशकाप्रमाणे लावली होतीस," ताई म्हणाली. "आता विषयाप्रमाणे लावतोयस, पण विषय दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. खेळताना तुला काय हवं असतं, ते एकदा बोलून दाखव बघू."

"कसं म्हणजे? जे लागेल ते."

"तसं नको. माझ्याकडे मुलं येतात ती 'मॅडम, समाजशास्त्र द्या' म्हणून येत नाहीत. 'मॅडम, गावच्या बाजारावर काही आहे का' असं विचारत येतात. तू काय विचारतोस ते लिही. महिनाभर लिही, मग फोल्डर कर."

मी लिहिलं. पुढच्या चार सेशनमध्ये टोकन शोधायची वेळ आली की आधी वहीत मनातले शब्द जसेच्या तसे उतरवायचे आणि मग शोधायचं. ६३ नोंदी झाल्या. त्यांतल्या १७ मध्ये नुसतं नाव होतं : हडळ, कोल्हा, पोर्तुगीज शिपाई. २२ नोंदींत नावापेक्षा हातात काय किंवा करतोय काय हे महत्त्वाचं होतं : मशाल धरलेला, होडी वल्हवणारा, पळणारी बाई, मेलेला बैल. १३ नोंदी जागेच्या होत्या : घाटातला कुणीतरी, बंदरावरची माणसं, स्मशानात शोभेल असा. उरलेल्या ११ मध्ये आकार किंवा संख्या : सारखेच दिसणारे आठ, चार चौकटींत मावेल असं काहीतरी. चित्रकाराचं नाव एकदाही नव्हतं. १४ प्रकारांतलं एकही नाव नव्हतं.

वही ताईला पाठवली. तिने फोनवर रंगनाथनांची पद्धत समजावून सांगितली. शियाळी रामामृत रंगनाथन, भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे. १९३३ साली त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण मांडलं. त्याचा गाभा असा की एका पुस्तकाला एकच खण शोधत बसायचं नाही, त्याचे निरनिराळे पैलू सुटे करायचे आणि हवे तसे जोडायचे. पैलू पाच : व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काल. ती बोलत होती आणि मी वहीतल्या नोंदी समोर ठेवून ऐकत होतो. कोण आहे, हे व्यक्तित्व. हातात, अंगावर काय, ते द्रव्य. काय करतोय, ती ऊर्जा. कुठे शोभेल, तो अवकाश. आणि कुठल्या काळात चालेल, तो काल. माझ्या ६३ प्रश्नांपैकी आकार आणि संख्येचे ११ सोडले तर बाकी सगळे त्या पाचांत बसत होते. टोकनांचा विचार कधीही न केलेल्या माणसाने कित्येक दशकांपूर्वी मांडलेली चौकट माझ्या शनिवार रात्रीच्या अडचणीला इतकी नेमकी बसावी, याने मी भारावून गेलो होतो, आजही आहे.

कालाचा पैलू मी एकट्याने कधीच काढला नसता, आणि आमच्यासाठी तोच सगळ्यांत कामाचा ठरला. १७२१च्या कोकणात डोक्यापासून पायापर्यंत पोलादी चिलखत घातलेला घोडेस्वार चालत नाही. तोड्याची बंदूक चालते, ढालतलवार चालते, धोतर-पागोटं चालतं, उघड्या अंगाचा नाखवा चालतो. मी प्रत्येक टोकनला तीनच शेरे ठेवले : चालेल, अंधारात चालेल, नाही चालणार. 'अंधारात चालेल' हा शेरा गमतीचा वाटेल, पण बुरखेधारी, लांब झग्यातली, फक्त बाह्याकृती दिसणारी शेकडो टोकनं त्यानेच वाचवली. दिवसा ती परकी दिसतात. रात्रीच्या नकाशावर, मशालीच्या उजेडात, तीच वेताळाचे गण होतात.

पाच पैलूंना मी दोन जोडले, कारण पुस्तकाला ते लागत नाहीत आणि टोकनला लागतात. एक आकारमान. नियमांत सहा मापं आहेत. मध्यम प्राणी एका चौकटीत, मोठा दोन गुणिले दोन, प्रचंड तीन गुणिले तीन, महाकाय चार गुणिले चार किंवा त्याहून जास्त. आमच्या गुराबा आणि गलबतं या मापांत बसत नाहीत. शंभर फुटांची गुराब धरली तर ती २० चौकटी लांब होते. म्हणून जहाजांना मापाच्या नावाऐवजी थेट चौकटींचे आकडे लिहिले. दुसरा पैलू शैलीचा : वरून पाहिलेलं पूर्ण शरीर की गोल कड्यातला चेहरा. एकाच प्रसंगात दोन्ही मिसळले की नकाशा विसंगत दिसतो, म्हणून शैली सगळ्यांत वरच्या फोल्डरला दिली. तिच्याखाली 'कोण', आणि बस्स, दोनच पातळ्या. एका फोल्डरात हजारोंनी चित्रं असली की फाइल निवडायची खिडकी अडखळते, तेव्हा दोनशेच्या वर संख्या गेली की फोल्डर फोडायचा. बाकीचे पैलू फाइलच्या नावात आणि एका तक्त्यात.

दिशेचंही तेव्हाच निस्तरलं. फाउंड्री असं धरून चालतं की वरून काढलेलं टोकन मुळात पडद्याच्या खालच्या बाजूला तोंड करून आहे. माझ्या एका चित्रकाराची सगळी टोकनं वर तोंड करून होती. पालखीतले चार मशालजी उलटे चालले ते यामुळे. त्याचे सगळे गठ्ठे एका आज्ञेने १८० अंशांत फिरवून घेतले.

आता नावांविषयी, कारण मराठी माणसाला इथे जे अडतं ते इंग्रजीत खेळणाऱ्याला अडत नाही. पहिल्या उत्साहात मी फाइलींना देवनागरी नावं दिली होती. आपली भुतं, आपली लिपी. माझ्या विंडोजच्या यंत्रावर सगळं छान चाललं. मग खेळ भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर हलवला, आणि मित्राने काढलेला गिऱ्हा दिसेनासा झाला. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत, रात्री खाडी ओलांडणाऱ्याला गाठतं. आमच्या कथेत ते महत्त्वाचं होतं. फाइल जागेवर होती, नाव डोळ्यांना तंतोतंत तेच होतं, आणि सर्व्हर म्हणत होता की अशी फाइलच नाही.

दोन दिवस लागले कारण सापडायला. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकी पद्धतीत, एकसंध आहे, आणि 'र'खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊनही तेच अक्षर होतं. मित्र जुन्या मॅकवर काम करतो. त्या मॅकची जुनी फाइलव्यवस्था, जी २०१७ पासून नव्या मॅकवर बदलली, नावातली अशी अक्षरं फोडून साठवते. त्याने पाठवलेल्या गिऱ्ह्यात र आणि नुक्ता वेगळे होते. मी टंकलेल्या पत्त्यात एकसंध ऱ होता. लिनक्स बाइट न् बाइट ताडून पाहतं, त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं. शिवाय काही कळफलक हाच अर्धा र तिसऱ्या रीतीने लिहितात, र, हलन्त आणि मागून एक न दिसणारं जोडचिन्ह. एक गिऱ्हा, तीन नावं, दिसायला एकच. वाऱ्याचं भूत, दऱ्याखोऱ्यांतला कुणी, सगळ्यांचं हेच. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि पत्त्यात उतरताना नऊ रोमन अक्षरांचं होतं. 'गिऱ्हा' एवढंसं नाव ५४ अक्षरांचं झालं.

मग मन घट्ट करून नावं रोमन केली, आणि तिथे दुसरा खड्डा होता. आपण मराठी रोमनमध्ये लिहिताना ळ साठी मोठा एल आणि ण साठी मोठा एन वापरतो, हाताला तीच सवय. वेताळ, हडळ, जखीण, चेटकीण : आमच्या मोहिमेतली निम्मी भुतं ळ किंवा ण वर संपतात. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. घरी दिसणारी हडळ सर्व्हरवर गायब. म्हणून ठरवलं : सगळी अक्षरं लहान, मधे जोडरेघ, मोकळी जागा कुठेही नाही, शेवटी दोन अंकी क्रमांक. वाचण्याच्या सोयीसाठी इथे देवनागरीत लिहून दाखवतो, 'माणूस-मशाल-चालता-मध्यम-०३' असं. ळ आणि ल मधला फरक फाइलच्या नावातून गेला, याचं मला वाईट वाटतं. तो तक्त्यात जपला आहे. तक्त्यात खरं देवनागरी नाव, त्याची पर्यायी नावं, पैलू, चित्रकार आणि परवाना असे रकाने आहेत. शोध मी तक्त्यातच घेतो, मराठीत घेतो. फाइलचं नाव यंत्रासाठी, तक्ता आमच्यासाठी.

दुबार फाइलींचं काम सोपं वाटलं होतं. मासिक गठ्ठा आणि मग वर्षाचा एकत्रित गठ्ठा, असं करत पुष्कळ चित्रं दोनदा आली होती. हुबेहूब सारख्या फाइली त्यांच्या हॅशवरून, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणाऱ्या खुणेवरून, यंत्राने बिनचूक काढल्या. सुमारे चौथा हिस्सा गेला. पुढे हाव सुटली आणि 'दिसायला सारख्या' फाइली शोधणारं साधन चालवलं. त्याने एकाच शिपायाचे पाच रंगांतले पाच अंगरखे दुबार म्हणून पुढे केले आणि मी ते न बघता उडवले. पण 'सारखेच दिसणारे आठ' ही तर माझीच गरज होती, वहीत लिहिलेली! मूळ झिप जपून ठेवल्या होत्या, त्यांतून ते परत आणले. आता दिसण्यावरून काहीही पुसत नाही.

वेबपी या चित्रांच्या फाइलप्रकाराचा फायदा थोडक्यात सांगतो. पारदर्शक कडा राखूनही फाइल पीएनजीपेक्षा बरीच लहान होते. नकाशाची चौकट १०० पिक्सेलची असताना मध्यम टोकनला ४०० पिक्सेल भरपूर. माझ्याकडे १,६०० पिक्सेलची पडून होती. दुबार काढून, वेबपीत बदलून, आकार बेताचा करून, १९ जीबीचे ४ च्या आत आले. रत्नागिरीचा मित्र पावसाळ्यात बहुतेक वेळा मोबाइलच्या डेटावर खेळतो, त्याला हा फरक पहिल्याच शनिवारी जाणवला.

परवान्याच्या रकान्याने एकदा कसोटी पाहिली. त्याच मित्राने स्वतःची मोहीम सुरू केली आणि सगळा फोल्डर मागितला. माझ्या टेबलावर वापरायची मुभा विकत घेतली होती, वाटायची नव्हती. तक्त्यातून गाळून त्याला खुल्या परवान्याची चित्रं दिली, आणि त्याची स्वतःची, आता नीट नावं लावलेली. बाकीच्या चित्रकारांचे पत्ते दिले. त्यांतल्या एकाची वर्गणी त्याने लगेच भरली.

सगळ्यांत अवघड निर्णय होता कुठे थांबायचं याचा. दुबार गेल्यावर ८,००० च्या आसपास फाइली उरल्या. प्रत्येकीचे सात पैलू भरायचे तर मी खेळायचं सोडून कारकुनी करत बसलो असतो. ताई म्हणाली, "आमच्याकडेही सगळी पुस्तकं एका दिवसात दाखल होत नाहीत. आलेलं आवक नोंदीत जातं." म्हणून एक 'आवक' फोल्डर. नवीन सगळं तिथे. जे टोकन खेळासाठी बाहेर काढलं त्याची ओळ त्याच रात्री पूर्ण भरायची, आणि रोज वीस मिनिटं आवकेतली थोडी. आठ महिन्यांत सुमारे २,६०० ओळी पूर्ण झाल्या. उरलेल्यांना फक्त 'कोण' आणि कालाचा शेरा आहे. आतापर्यंत तेवढ्याने भागतं.

मध्यंतरी एका सेशनचं रेकॉर्डिंग मुद्दाम घड्याळ लावून पाहिलं. १९ वेळा शोधलं. १७ वेळा २० सेकंदांच्या आत सापडलं. दोनदा सापडलं नाही. एकदा 'रडणारं मूल' हवं होतं. चित्र होतं, पण तक्त्यात 'बसलेलं मूल' होतं. दुसऱ्यांदा कोळ्याच्या खांद्यावरचं जाळं. तेही होतं, पण मी लिहिताना त्याला 'गाठोडं' समजलो होतो. दोन्ही ओळींत नवे शब्द घातले, जुनेही राहू दिले.

गेल्या महिन्यात कथेत पुन्हा अमावास्या आली. यावेळी मी शोधलं नाही, आधीच पत्ता लिहून ठेवला होता. फाउंड्रीत टोकनच्या पत्त्यात शेवटच्या क्रमांकाऐवजी तारा (*) घातला आणि चित्र यदृच्छ निवडायची सोय चालू केली, की त्या नावाच्या चित्रांपैकी दर वेळी कुठलंही एक येतं. २४ मशालजी, सगळे एकाच दिशेला चालणारे, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, आणि मधे मित्राने खास काढलेली पालखी. मी काहीच बोललो नाही. बराच वेळ कुणीच बोललं नाही.

मग ठाण्याची मैत्रीण हळूच म्हणाली, "थांबा. तो तिसरा मशालजी बघा. त्याच्या डोक्यावर टोपी आहे."

मी पाहिलं. युरोपी कानटोपीतलं एक टोकन, 'अंधारात चालेल' शेऱ्याचं, त्या ताऱ्यातून निघून रांगेत आलं होतं.

"टोपीकर!" रत्नागिरीहून आवाज आला. "अरे, वेताळाच्या पालखीत इंग्रजांचा माणूस घुसलाय. हा कुलाब्याची वाट बघायला आलाय. पकडा त्याला!"

त्यांनी त्याला पकडलं. पुढचे दोन शनिवार कथा त्याच माणसाभोवती फिरली. त्या रात्री झोपण्याआधी त्याच्या ओळीत पर्यायी नावांच्या रकान्यात मी लिहिलं : टोपीकर, हेर.